अष्टमीचं पाणी

रविवार, २८ डिसेंबर २०२५

शेंगा आठवल्या आज. काही कारण नसताना. एकोणनव्वद साल असेल. नारगोळचा किनारा, सरूची झाडं, दुपार. माझे दोन्ही हात कोलंबीच्या आमिषाने माखलेले, हातात रॉड. हे शेजारी वर्तमानपत्र पसरून बसलेले, घरून आणलेल्या भाजक्या शेंगा सोलत. एक दाणा स्वतःला, एक माझ्या तोंडात. बोलणं नाही. मासा लागला की म्हणायचे, “लागला वाटतं,” आणि कागद उचलून चार हात लांब सरकायचे. माळकरी घरातला माणूस, तडफडणारा मासा बघवत नसे. पण दर हिवाळ्यात मला समुद्रावर नेलं. एकदाही ‘यंदा राहू दे’ म्हणाले नाहीत.

त्यांना जाऊन या महिन्यात वर्ष झालं. यंदा मला कोणी विचारलं नाही.

आज जेवणानंतर हितेंद्रने विषय काढला. तो आणि सून मेघा नाशिकहून आलेत दोन दिवस. कुंदाअक्का असोद्याला एकटी, मी इथे मेहरूणला एकटी. “दोघी जावा एकत्र राहा ना, आई. आम्हाला पण घोर नाही.” अक्का बहात्तरची. नाना – यांचे मोठे भाऊ – जाऊन चार वर्षं झाली. तिचा भूषण सुरतेला, दोन खोल्यांत चार माणसं. तिथे ती टिकत नाही. “खिडकी उघडली का समोरच्याचं ताट दिसतं,” म्हणते.

मला तर हवीच आहे ती. खोटं कशाला लिहू? संध्याकाळी दिवा लावल्यावर या घरात माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू येतो.

पण अक्काची अट आहे. ती तिने फोनवरूनच ऐकवली. “तुह्या घरात मासोयी शिजते. मी तथी पानी पेत नही, त राहू कसी?” खरंच आहे. अडतीस वर्षांत तिने माझ्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही. स्वतःची बाटली आणते. घेते ती फक्त चहा. “दूध पडलं का सगयं शुद्ध.” हा शोध तिचाच.

म्हणजे मी माळ घालायची. मासे सुटले. कायमचे.

मी म्हटलं, घालते. पण आधी एकदा समुद्रावर जाईन. एक मासा – मी पकडणार, मी रांधणार, मी खाणार. तो शेवटचा. मग काय घालायचं ते घाला गळ्यात.

“डन,” म्हणाला हितेंद्र. इतक्या पटकन म्हणाला! मला त्रास होईल का, हे विचारायला अर्धं मिनिट तरी घ्यायचं.

बुधवार, ३१ डिसेंबर

माळ्यावरून दोन्ही रॉड काढले, मोठा आणि लहान. रीळ गंजलेलं नाही. कोणी तरी तेल घातलं होतं. मी नव्हतं घातलं.

रविवार, ४ जानेवारी २०२६

दिवस ठरवायला फोनवर तिघं. हितेंद्र, अक्का, मी.

कालच पौर्णिमा झाली. आजचा रविवार सोन्यासारखा होता, पण हितेंद्रचं ऑफिसचं काम. मी म्हटलं, अठराला जाऊ. तोही रविवार.

“अठराले अमावस आहे. अमावसेले कोनी घरातून गाडी काढते का?”

शनिवार? शनिवारी जीव मारायचा नाही. सोमवार महादेवाचा. गुरुवार गुरूंचा. चौदाला एकादशी – त्या दिवशी तर नावच काढू नको. असं करत करत अक्काने सगळे दिवस गाळले. उरला अकरा तारखेचा रविवार. “हा बरा. ह्या दिवशी पाप लागलं त थोडं लागीन.”

पाप कमी लागेल असा वार शोधून मासे धरायला निघणारी माणसं जगात फक्त आमच्या घरात असतील.

अकराला अष्टमी आहे. मला पंचांग बघावं लागलं नाही. बाबा कस्टम्समध्ये, उमरगावला अकरा वर्षं. त्यांनी मला नववीत शिकवलं – तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात आत येतं, त्याच्याबरोबर मासा येतो. अष्टमीला भांग. पाणी ना नीट चढत, ना नीट उतरत. डबक्यासारखं उभं राहतं. अष्टमी-नवमीला बाबा रॉडला हात लावत नसत. लग्न होऊन असोद्याला आले तेव्हा सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, “कॉन्व्हेंटात शिकलेली, पन तिथी-वार तोंडपाठ! देवभोळी आहे सून.” मी कधी खुलासा केला नाही.

आजही केला नाही. अष्टमी आहे, मासा लागणार नाही, हे म्हटलं असतं तर हितेंद्र म्हणाला असता, मग जायचंच कशाला? आणि तिथेच संपलं असतं. गप्प बसले. कधी कधी लागतोही एखादा चुकार. एखादी शिंगाळी. मला एकच हवाय.

शुक्रवार, ९ जानेवारी

शुक्रवार म्हटलं की अजून शाळेचा डबा डोळ्यांपुढे येतो. सिस्टर लोक शुक्रवारी मटण खायच्या नाहीत. त्यांचा उपास. म्हणून त्या दिवशी मासे. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, मासा हे गरिबीचं, त्यागाचं अन्न. एका घरात जे उपासाला चाललं ते दुसऱ्या घरात बाटवतं. आणि दोन्हीकडे मी मुकाट मान डोलावली.

रविवार, ११ जानेवारी. सुरत, भूषणकडे

काही लागलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी

घरी आले. पाय अजून मिठाने खरखरीत.

लिहून टाकते सगळं, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

शनिवारी सुरतेला मुक्काम. काल पहाटे निघालो – हितेंद्र, मेघा, मी आणि अक्का. अक्काला कोणी ये म्हटलं नव्हतं. असोद्याहून तिला घेतलं ते भूषणला भेटायचं म्हणून, पण सकाळी आमच्या आधी गाडीत जाऊन बसलेली. मांडीवर भरीत-पुरीचा डबा, पायाशी पाण्याच्या तीन बाटल्या. “समुद्र पाह्यला नही मी. पाहू त दे.” बहात्तर वर्षांत पाहिला नव्हता. मला हे माहीत नव्हतं.

नारगोळला साडेनऊ. हितेंद्रने बाजारातून कोलंबी आणली, पिशवी हात लांब करून धरलेली, नाकाला रुमाल. या मुलाला मी लहानपणी मागच्या गॅलरीत बसून बोंबील भरवलेत.

अक्का सरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. समुद्राकडे बघून तिने हात जोडले. मग म्हणाली, “इतकं पानी. अन् एक केयीचं झाड जगत नही याच्यावर.”

मी वाळूत उतरले. पाणी ओसरत होतं, पण कसं – आळसावल्यासारखं. लाट म्हणावी तर लाट नाही. गळ टाकला. दोरा सैल. ओढला, आमिष जसंच्या तसं. पुन्हा टाकला. पुन्हा तसंच. खेकड्यानेसुद्धा कुरतडलं नाही. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, शिसं बदललं, गळ लहान केला. बाबा होते तेव्हा शिकलेलं सगळं करून झालं. कोलंबी पाण्यात धुऊन पांढरी व्हायची, की नवी लावायची.

मागून दर अर्ध्या तासाने अक्का ओरडायची, “लागली का वं, दर्याबाई?” हे माझं सासरचं नाव. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनेच ठेवलं.

“नाही, अक्का.”

“राहू दे. दमली असशीन.”

मेघा माझ्याजवळ उभी होती, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन. ती जन्मात अंडंही खात नाही. पण म्हणाली, “आई, मी धरू थोडा वेळ?” दिला. तिने नीट धरला – बोट दोऱ्यावर, जसं शिकवलं तसं. तेवढ्यात एक म्हातारा सायकल ढकलत आला. छगन नाव, तिथलाच. मला बघून हसला. “आठमना पाणीमां गल नाखवा आव्यां, बेन?” अष्टमीच्या पाण्यात गळ टाकायला आलात, बाई? मग मान हलवून म्हणाला, अमावसेला या, दोन हातांनी उचलणार नाही इतकं देईन.

मेघाने ऐकलं. तिला गुजराती कळतं. तो गेल्यावर म्हणाली, “म्हणजे आज लागणारच नव्हता? तुम्हाला माहीत होतं?”

“रॉड खाली झुकतोय तुझा,” म्हटलं मी.

बारापर्यंत पाणी थोडंसं मागे सरलं आणि तिथेच थांबून राहिलं. जेवलो. अक्काने स्वतःच्या हाताने मला पुरी दिली. मी हात धुतले होते तरी तिने पुरी वरून टाकली, बोटाला बोट लागू दिलं नाही. सवयीने. पूर्वी मला त्याचं हसू यायचं.

चार वाजता हितेंद्र घड्याळ बघायला लागला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “आई, बाजारात ताजा आहे. घेऊन देतो एक. भूषणच्या शेजाऱ्याकडे करून घेऊ. खा आणि संपव ना.”

खा आणि संपव. जसं औषध उरलंय बाटलीत.

मी त्याच्याशी गाडीपर्यंत बोलले नाही. अजूनही बोलावंसं वाटत नाही. बापाने इतकी वर्षं एक शब्द न बोलता जे केलं, ते मुलाला एका दिवसात ओझं झालं. आणि मी कोणाला दोष देणार? वाळूवर आज कोणी वर्तमानपत्र पसरलं नाही, एवढंच.

परत येताना अक्काने माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोप काढली. माझ्या साडीला कोलंबीचा वास येत होता. तरी.

भूषणच्या बायकोने – मयुरीने – आल्याआल्या चहा ठेवला. अक्काने कप हातात घेतला, बघितला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. “नको मले.” पोट बिघडलं असेल म्हणून मी ओवा दिला.

मंगळवार, १३ जानेवारी

झोपून उठल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली, ती लिहिते.

मी अष्टमीला गप्प बसले ते फक्त जाणं रद्द होईल म्हणून नाही. अमावस्येसाठी मला भांडता आलं असतं. एकटी सुरत पॅसेंजरने जाता आलं असतं, मी काही लहान नाही. पण लागला असता तर तो शेवटचा झाला असता. तो खाल्ला असता, ताट धुतलं असतं, आणि मग मला तक्रारीला जागा उरली नसती. आता आहे. आता जन्मभर म्हणता येईल – तुम्ही मला एक मासासुद्धा मिळू दिला नाहीत.

बासष्टाव्या वर्षी हे असलं मन.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. उपासाला तिळगूळ चालतो का, यावर अक्काचा फोन. वीस मिनिटं. माशाबद्दल अवाक्षर नाही.

रविवार, १८ जानेवारी

अमावस्या. आज दुपारी नारगोळला पाणी सरूच्या मुळांना लागलं असेल.

मी कोबी चिरला.

गुरुवार, २२ जानेवारी

अक्का आली होती. माळेचं ठरवायला – माघातली एकादशी, असोद्याच्या मंदिरात. बाटली घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे पुढच्या गॅसवर – मासे मागच्यावर व्हायचे – चहा ठेवला, जास्त दूध, जास्त साखर, आलं ठेचून. कप पुढे केला. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले. लहान मुलगी घालते तसे.

“मी सोडला चहा.”

“साखर वाढली का?”

“नही वं.” मग एकदम सगळं बोलली. मला तिचं बोलणं जसंच्या तसं आठवतंय.

“तथी समुद्रावर बसल्या बसल्या मी मनुदेवीले म्हटलं, माय, हिच्या गयाले मासोयी लागू देऊ नको. आज नही लागली त मी जन्माचा चहा सोडीन. मले भेव वाटे, दिपा. एक लागली असती त तू म्हटली असती, आखीन एक. मंग आखीन एक. तुही काही खातरी नही. तू माह्याजवय राह्यला आलीच नसती.”

“तू माझ्याकडे येणार आहेस, अक्का. मी नाही.”

“तेच ते.” पदराने नाक पुसलं. “मले असोद्यात एकटं राहवत नही. मी कोनाले सांगत नही. सकाई उठली का भिताडासंगं बोलते. म्हनून मांगितलं देवीजवय. पाह्य, तिनं आयकलं.”

आणि माझ्याकडे अशी बघत राहिली – अपराधी, आणि थोडी खूशसुद्धा. देवीने आपलं ऐकलं म्हणून.

मी तिथे बसून होते. हातात कप. एवढं एक वाक्य म्हणायचं होतं – अक्का, अष्टमी होती, त्या दिवशी कोणालाच काही लागत नाही, देवीचा संबंध नाही, पी चहा. एवढंच. तिला पटलंही असतं. पन्नास वर्षं शेतीवर काढलेली बाई, चंद्राचं पाणी तिला समजलं असतं.

पण पुढचा प्रश्न तिने विचारलाच असता. तुले माहीत होतं त मले काहून नही सांगितलं? त्याला माझ्याजवळ उत्तर आहे, पण ते तोंडाने बोलता येण्यासारखं नाही. आणि फसवलेलं तिला सहन होत नाही. नानांनी एकदा विहिरीचा खर्च लपवला होता तर बाई आठ महिने त्यांच्याशी बोलली नव्हती. एका घरात, त्यांचं ताट झाकून ठेवत.

कप मीच प्याले. दोन्ही.

गुरुवार, २९ जानेवारी

घातली. एकशे आठ मणी. हलकी आहे. अंघोळीला पाठीवर ओली लागते.

मंदिरातून बाहेर पडताना अक्का बायकांना सांगत होती, “आमची दर्याबाई सुदरली.” बायका हसल्या. मीही हसले.

रविवार, १ फेब्रुवारी

अक्का राहायला आली. एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, वाती करायचा कापूस, नानांचा फोटो. आल्याबरोबर माझ्या माठातलं पाणी स्वतः काढून घेतलं. उभ्याउभ्या, घटाघटा. मी स्वयंपाकघराच्या दारात. अडतीस वर्षं मी या क्षणाची किती वाट बघितली असेल – पहिली काही वर्षं तर रोज. मग सोडून दिली होती.

“गोड आहे पानी,” म्हणाली.

मला रडू आलं. ते आनंदाचं किती आणि रागाचं किती, कळलं नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अक्काचं डोकं रोज चार वाजता दुखतं. कपाळाला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टर म्हणाले, चहा सुटल्याने होतं, जाईल. महिना होऊन गेला, गेलेलं नाही. स्वभावही चिडका झालाय. काल मेथी निवडताना माझ्यावर खेकसली आणि मग संध्याकाळभर माझे पाय चेपू का विचारत होती.

मी म्हटलं, देवीला सांगून दुसरं काही सोड. भेंडी सोड.

“भेंडी मले आवडतच नही. देवीले कयत नही का?”

तिच्यासमोर चहा पिणं मला होत नाही. म्हणून मी मागच्या गॅलरीत पिते, मागच्या गॅसवर करून, दार ओढून घेऊन. यांनी तो गॅस माझ्या माशांसाठी बसवून दिला होता. वास आत येऊ नये म्हणून दाराला खालून रबर लावलंय. आता तिथे मी चहाचा वास कोंडते.

ती बाकी सुखात आहे. सकाळी मी उठायच्या आत अंगण झाडून झालेलं असतं. मेहरूण तलावाला फेरी मारायला माझा हात धरून चालते, भेटेल त्याला सांगते, “ही माही धाकटी जाऊ.” संध्याकाळी दिवा लागला की घरात दोन जोड चपलांचा आवाज असतो. मी मोजते.

रोज ठरवते की आज सांगेन. रोज चार वाजतात.

रविवार, २२ फेब्रुवारी

हे मेघासाठी. माझ्यामागे.

मोठा रॉड आणि रीळ नारगोळच्या छगनभाईला द्यावं. त्याचा नंबर तिथल्या चहावाल्याकडे मिळेल. लहान रॉड मेघाने ठेवावा. धरता येतो तिला. हितेंद्रला विचारू नये. हितेंद्रला त्याच्या बाबांचं घड्याळ आणि हे घर. पुढची खोली अक्काची, ती आहे तोवर. तिला सुरतेला पाठवू नये, तिने स्वतः म्हटलं तरी. माशाचा लोखंडी तवा भंगारात द्यावा, कोणाला देऊ नये.

ही वही मेघा, तू घे. अक्काला वाचता येत नाही. अठ्ठावीस डिसेंबरपासून वाचून दाखव, काही गाळू नको. तेरा जानेवारीसुद्धा. ती रागावेल, रागावू दे. मग तिला चहा कर. दूध जास्त.

माझ्यामागे म्हणजे माझ्यामागेच. आधी नाही. आधी कळलं तर ती पेटी उचलून असोद्याला जाईल, आणि मला आता पुन्हा एकटीने राहायचं नाही. तिचं डोकं दुखतं ते मला रोज दिसतं. तरीसुद्धा.

ती माझ्या आधी गेली, तर वही चुलीत घालावी.